थांबणारं झाकण

आमच्या कारखान्यात झाकणं बनतात. तेलाच्या डब्यांची, शाम्पूची, औषधांच्या बाटल्यांची. बाटल्या दुसरीकडे तयार होतात, आमच्याकडे फक्त झाकणं. हे सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "नुसती झाकणं?" हो, नुसती झाकणं. आणि त्या झाकणाचा आकार कसा असावा, आटे किती असावेत, बोटं कुठे टेकावीत, हे सगळं ज्या ठरवतात त्यांना आम्ही झाकणताई म्हणतो. तोंडावर नुसतं ताई, पाठीमागे झाकणताई. त्यांना हे माहीत आहे आणि त्यांची काही तक्रार नाही.

मी तिथेच साचे सांभाळतो. ताईंनी कागदावर काढलेलं झाकण लोखंडात उतरवायचं आणि त्यातून प्लास्टिक नीट बाहेर पडतंय का ते बघायचं, हे माझं काम. शिवाय त्यांचं घर माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पुढे जे सांगतो त्यातलं बरंच मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि उरलेलं त्यांच्या सासऱ्यांकडून ऐकलं आहे. सासऱ्यांना गोष्ट सांगायची हौस दांडगी. मात्र ते पदरचं घालत नाहीत.

ताई कोणाकडे पाहुण्या म्हणून गेल्या तर त्यांची नजर घरच्या माणसांच्या आधी बरण्यांवर जाते. चहा येईपर्यंत त्यांनी साखरेचा डबा दोनदा उघडून बंद केलेला असतो. त्यांचे यजमान शहरात बस चालवतात. ते म्हणतात, आमच्या घरात माणूस हरवला तर रात्रीपर्यंत वाट बघतात, झाकण हरवलं तर लगेच पलंग सरकवतात. घरात हे दोघं, त्यांची मुलगी आणि सासरे. मुलीला सगळे भिंगरी म्हणतात. ती तेव्हा चार वर्षांचीही नव्हती आणि तिला एका जागी बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. सासरे जन्मभर शिंपीकाम केलेले. नजर अजून शाबूत, पण बोटांचे सांधे सुजून वाकडे झालेले. सुई हातात धरणं कधीच सुटलं होतं.

ताईंचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे औषधाच्या बाटलीचं दाबून फिरवायचं झाकण. जोराने खाली दाबायचं आणि दाबलेलं असतानाच फिरवायचं. नुसतं फिरवलं तर ते टकटक वाजत गोल गोल फिरतं आणि बाटली बंदच राहते. लहान मुलांच्या हाती औषध लागू नये म्हणून कायद्याने असं झाकण लागतं, आणि ताईंचं झाकण एकाही मुलाला उघडता आलं नव्हतं. त्याचा मोठा फोटो आमच्या ऑफिसात, येणाऱ्याच्या नजरेसमोर लावलेला होता. आजूबाजूच्या निम्म्या औषधांवर तेच झाकण असायचं. सासऱ्यांच्या हृदयाच्या गोळ्यांवरही तेच.

एका सुट्टीच्या दुपारी ताई स्वयंपाकघरात भांडी आवरत होत्या. यजमान गॅलरीत सायकलचं चाक उघडून बसले होते. सासरे खुर्चीत डुलकी घेत होते. घरात शांतता होती, आणि भिंगरी जागी असताना शांतता म्हणजे काहीतरी बिनसलेलं, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ताई हात पुसत बाहेर आल्या. भिंगरी आजोबांच्या कपाटासमोर बसली होती. तिच्या मांडीत गोळ्यांची बाटली होती. बाटली रिकामी होती, झाकण कुठेच नव्हतं, आणि पोरीच्या ओठांना गुलाबी रंग लागला होता.

ताईंनी तिच्या तोंडात बोट घालून बघितलं. आत काही नव्हतं. गोळ्या कुठे गेल्या, असं विचारलं तर ती म्हणाली, "संपल्या."

त्यानंतर काय झालं ते ताईंना सलग आठवत नाही. यजमानांनी शेजाऱ्यांची गाडी मागून आणली. पाठीमागच्या सीटवर ताई पोरीला घट्ट धरून बसल्या होत्या, आणि पोर मला खिडकीशी बसू दे म्हणून रडत होती. हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, छातीला तारा लावल्या, पडद्यावर हिरवी रेघ धावायला लागली. बाईंचा आवाज एकदम शांत. बाटलीत किती गोळ्या होत्या, असं त्यांनी विचारलं. सासरे हट्टाने सोबत आले होते. ते भिंतीला टेकून उभे होते. त्यांना सांगता येईना. तेव्हा बाईंनी यजमानांना बाजूला घेऊन सांगितलं, की तुम्ही घरी जा आणि शोधा. मुलं पुष्कळदा सगळ्या गोळ्या खात नाहीत. जितक्या सापडतील तितकं आमचं काम सोपं होईल.

यजमान गेले. ताई त्या हिरव्या रेघेकडे बघत बसल्या. मध्येच रेघ जरा वेडीवाकडी झाली की त्या खुर्चीतून उठायच्या, आणि मग कळायचं की भिंगरीने पाय हलवला म्हणून ती हलली. भिंगरीला त्या तारांची मोठी गंमत वाटत होती. तिने बिस्किट मागितलं. नर्सने नाही म्हटलं तर तिने दुसऱ्या नर्सकडे मागितलं.

शेवटी फोन वाजला. यजमान बोलत होते, पण आवाज ओळखू येत नव्हता. "सापडल्या," ते म्हणाले, "बाहुलीकडे आहेत."

झालं होतं ते असं. भिंगरीची कापडी बाहुली त्या दिवशी आजारी होती. आजोबा रोज औषध घेतात तसं तिलाही द्यायचं होतं. पहिली गोळी डॉक्टर या नात्याने भिंगरीने स्वतः चाटून बघितली. गोळीवरचा गुलाबी थर गोड होता, तो संपल्यावर आतलं कडू लागलं, म्हणून तिने ती थुंकली. बाकीच्या सगळ्या बाहुलीच्या उशीखाली, पांघरुणात आणि झग्याच्या खिशात नीट भरून ठेवल्या. यजमानांनी औषधवाल्याला गाठून बाटली कधी नेली होती ते विचारलं, हिशेब लावला. सगळ्या गोळ्या जागेवर होत्या. चाटलेलीसुद्धा पलंगाखाली मिळाली.

डॉक्टरीणबाईंनी तरी संध्याकाळपर्यंत पोरीला ठेवून घेतलं आणि मग म्हणाल्या, न्या घरी, ही तुम्हाला आणि मला दोघांनाही पुरून उरेल. ताई पोरीला घेऊन बाहेर आल्या आणि हॉस्पिटलच्या पायरीवर बसल्या. यजमान त्यांच्या शेजारी बसले. मग यजमानांना हसू फुटलं, आणि त्यांचं बघून ताईंना. येणारेजाणारे बघत होते. भिंगरी दोघांच्या मध्ये उभी राहून सांगत होती, की माझ्या बाहुलीचं औषध परत द्या, ती अजून बरी झालेली नाही.

घरी आल्यावर आनंदी आनंद होता. फक्त सासरे जेवले नाहीत. पोरीला झोपवून ताई त्यांच्या खोलीत गेल्या. बाटली उघडी का होती, हे कोणी अजून विचारलं नव्हतं. ताईंनीही विचारलं नाही. सासरेच आपण होऊन बोलले.

ते झाकण त्यांना कधीच उघडता आलं नव्हतं. दाबायला गेलं तर तळहात दुखायचा, फिरवायला गेलं तर बोटं साथ देत नव्हती, आणि दोन्ही एकदम तर शक्यच नव्हतं. म्हणून नवी बाटली आणली की ते गॅलरीत जाऊन पकडीने झाकण एकदाच ओढून काढायचे आणि फेकून द्यायचे. बाटली उघडीच कपाटात, शर्टांच्या मागे. असं कित्येक महिने चाललं होतं.

"मला का नाही सांगितलंत, बाबा?" ताईंनी विचारलं.

"कसं सांगू?" सासरे म्हणाले. "ते झाकण तू केलेलं. तुझ्या ऑफिसात त्याचा फोटो आहे. तुझंच झाकण मला उघडत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?"

ताईंनी त्यांचा हात हातात घेतला. सासरे मला पुढे म्हणाले, की मला वाटलं सून धीर देते आहे, पण ती माझी बोटं एकेक करून वाकवून बघत होती. अंगठा किती उघडतो, मधलं बोट कुठे अडतं. मी कापड हातात घेऊन बघायचो ना, तसं. आणि त्यांना त्यानेच बरं वाटलं. त्यांनी मग उरलेलं जेवण मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ताई कारखान्यात आल्या त्या थेट मालकांच्या केबिनमध्ये गेल्या. मीही कामासाठी तिथेच होतो. मालक माणूस चांगला, पण एकदा चाललेली गोष्ट बदलायला नाखूश. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पोरगी बरी आहे ना हे तीनतीनदा विचारलं. मग म्हणाले, की आपल्या झाकणाचा यात दोष नाही. ते मुलांना उघडत नाही, कायद्यात बसतं, आणखी काय हवं.

"उघडत नाही म्हणूनच ते उघडं राहतं, साहेब," ताई म्हणाल्या.

मालकांनी मान हलवली. पण मान हलवणं म्हणजे पटणं नव्हे. म्हणून त्या दिवशी सुटल्यावर ताई मला आणि मालकांना चौकातल्या औषधवाल्याकडे घेऊन गेल्या. औषधवाल्याने काउंटरखालचा खण ओढून दाखवला. खण साध्या फिरकीच्या झाकणांनी भरलेला. तो म्हणाला, म्हातारी माणसं इथेच बाटली उघडून घेतात आणि साधं झाकण लावून मागतात. काही जण घरी नेऊन वाटीत गोळ्या ओतून ठेवतात. तुमचं झाकण कचऱ्यात जातं, राग मानू नका. मालक त्या खणाकडे बघत राहिले. परत येताना त्यांनी सांगितलं, की नवीन नमुना करा, मागचं जुनं मशीन वापरा, मात्र रोजचं काम अडलं नाही पाहिजे.

आता जे झाकण म्हाताऱ्याला उघडता येईल आणि पोराला नाही, असं झाकण आणायचं कुठून? दोघांचीही ताकद सारखीच. किंबहुना पोराची थोडी जास्त. पहिल्यांदा ताईंनी दोन बाजूंनी चिमटीत दाबायचं झाकण केलं. त्यांचं म्हणणं असं, की मोठ्या माणसाचा पंजा रुंद, तो दोन्हीकडे पोचेल, मुलाचा पोचणार नाही. जवळच्या बालवाडीतल्या बाई ताईंच्या ओळखीच्या होत्या. पालकांना विचारून त्यांनी एक तास दिला. बाटल्यांत मोठे लाकडी मणी भरून आम्ही त्या मुलांच्या हाती दिल्या आणि कोपऱ्यात उभे राहिलो.

मी लोखंडाशी झुंजणारा माणूस, पण त्या खोलीत जे पाहिलं तसं आयुष्यात पाहिलं नव्हतं. एकाने बाटली दाराच्या फटीत घालून दार लावलं. एकीने तिच्यावर उडी मारली. एकाला वाटलं आत कोणीतरी आहे, तो बाटलीशी गप्पा मारत बसला. आणि दोन जुळ्या बहिणी होत्या. एकीने बाटली पोटाशी धरली, दुसरीने दोन्ही हातांनी झाकण दाबलं, फिरवलं, आणि मणी जमिनीवर सांडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या दोघांशिवाय.

दुसरा नमुना सरकवायचा होता. तो एका मुलाने दाताने उघडला आणि शांतपणे बाईंकडे नेऊन दिला. तिसरा नमुना कोणालाच उघडता आला नाही, सासऱ्यांनाही नाही, मलाही नाही. तो अजून माझ्या टेबलावर बंदच पडलेला आहे. एव्हाना कारखान्यात लोक हळूच हसायला लागले होते. ताईंचं जेवणाकडे लक्ष नसायचं. घरी गोळ्यांची बाटली आता उंच फळीवर होती आणि सासऱ्यांना रोज गोळी मागून घ्यावी लागत होती. त्यांना ते किती जड जात होतं हे ताईंना दिसत होतं.

उपाय सुचला तो घरातच, आणि तोही कामाचा विचार चालू नसताना. सासऱ्यांच्या खुर्चीवर रेक्झिनची एक जाड गादी होती. त्यांनी स्वतःच शिवलेली. ते उठले की गादी दबलेली दिसायची आणि मग सावकाश, अगदी सावकाश फुगून वर यायची. भिंगरीला तिच्यावर बसायचं असायचं, पण तिला गादी पूर्ण फुगलेलीच हवी. आजोबा उठले रे उठले की ती हाताने चापटी मारून बघायची, फुगली का. चापटी मारली की गादी पुन्हा बसायची. पुन्हा चापटी, पुन्हा गादी खाली. रडकुंडीला यायची पोर. आजोबा सांगायचे, अगं, जरा हात लावू नकोस, आपोआप येईल वर. पण हात न लावणं तिला जमायचं नाही.

ताई दारात उभ्या राहून हे बघत होत्या. मग त्यांनी सासऱ्यांना विचारलं, ही गादी इतकी हळू का फुगते. सासरे म्हणाले, मी मागच्या शिवणीत एक बारीक छिद्र ठेवलं आहे. छिद्र नसतं तर गादी फाटली असती, मोठं ठेवलं असतं तर लगेच फुगली असती. दाबलं की वजनाने हवा भसकन जाते, पण परत येताना तिला ढकलणारं कोणी नसतं, त्या बारीक वाटेने ती सावकाश येते.

ताई त्या रात्री यजमानांना म्हणाल्या, की माझं चुकत होतं. मी पोरात आणि म्हाताऱ्यात ताकदीचा फरक शोधत होते. फरक ताकदीचा नाहीच. बाबांना थांबता येतं, भिंगरीला येत नाही.

त्यातून जे झाकण झालं ते असं होतं. वरून घुमटासारखं, आत मऊ रबराची छोटीशी पिशवी. फिरवून लावलं की ते अर्ध्यावर एका खाचेत अडकून बसतं, दाबलं की त्यातून सुटतं. तळहाताने, हवं तर कोपराने, हलकेच दाबायचं आणि सोडून द्यायचं. आतली हवा निघून जाते आणि मग बारीक छिद्रातून सावकाश परत शिरते. तसतसं झाकण आपणहून वर येतं. पूर्ण वर आलं की आतली खीळ सुटते आणि झाकण एका बोटानेही फिरतं. पण ते वर येत असताना कोणी दाबलं, फिरवलं, हलवलं, आपटलं, की ते परत खाली जातं आणि सगळं पहिल्यापासून. ताकद लागतच नाही. फक्त थोडा वेळ हात मागे घ्यावा लागतो.

सांगायला सोपं वाटतं. ते छिद्र साच्यात आणताना माझ्या नाकी नऊ आले. जरा मोठं झालं की झाकण टुणकन उडायचं, जरा लहान झालं की कपभर चहा पिऊन झाला तरी ढिम्म. रबराची जाडी बदलली, छिद्राची जागा बदलली, मी ताईंवर चिडलो, त्या माझ्यावर चिडल्या, मग दोघंही मशीनवर चिडलो. शेवटी एक नमुना जमला.

आधी तो सासऱ्यांकडे नेला. ताईंनी काही न सांगता बाटली टेबलावर ठेवली, फक्त कसं उघडायचं ते एकदा दाखवलं. सासऱ्यांनी तळहात टेकवला, दाबला आणि हात मांडीवर घेतला. आम्ही सगळे बघत होतो. झाकण वर आलं. त्यांनी वाकडं बोट कडेला लावून ते फिरवलं, काढलं आणि टेबलावर ठेवलं. मग परत लावलं. परत उघडलं. असं ते कितीतरी वेळ करत राहिले. कोणी त्यांना थांबवलं नाही. यजमान उठून गॅलरीत गेले आणि उगाचच बाहेर बघत उभे राहिले.

मग आम्ही पुन्हा बालवाडीत गेलो. जुळ्या बहिणी हजर होत्या. दोघींनी मिळून काम सुरू केलं. एकीने धरलं, दुसरीने दाबलं, ओढलं, चावलं. झाकण वर यायला लागलं की त्यांना आनंद व्हायचा आणि त्या लगेच झडप घालायच्या. झाकण खाली. आम्ही कोपऱ्यात मनातल्या मनात म्हणत होतो, घाला झडप, घाला. एक मुलगा मात्र गडबडीत नव्हता. त्याने एकदा दाबलं, कंटाळला आणि बाटली जमिनीवर ठेवून खिडकीतून बाहेर बघायला लागला. झाकण वर आलं. पूर्ण वर. ताईंनी माझं मनगट धरलं. तो मुलगा वळला, त्याला झाकण वर आलेलं दिसलं, आणि त्याने काय करावं? आनंदाने त्याच्यावर जोरात थाप मारली. ताईंनी माझं मनगट सोडलं तेव्हा त्यावर नखांच्या खुणा उमटल्या होत्या. तासभरात एकाही मुलाला बाटली उघडता आली नाही.

आम्ही समजलो, जिंकलो. पण म्हाताऱ्या माणसांच्या विरंगुळा केंद्रात गेलो आणि तिथे फजिती झाली. निवृत्त पोस्टमास्तरांनी झाकण दाबलं, एक क्षण बघितलं, पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं आणि जाहीर केलं की हे बिघडलेलं आहे. त्यांच्या शेजारच्या आजींनीही तेच केलं. थांबता येणं हे वयावर नसतं, हे ताईंना तिथे कळलं. पण रडत बसण्याऐवजी त्या आजींच्या समोर बसल्या आणि विचारलं, की तुम्ही परत का दाबलंत. आजी म्हणाल्या, "अगं बाई, ते चालू आहे की बंद, मला कसं कळणार?"

इतकी साधी गोष्ट होती. झाकण वर येतंय हे त्यांना दिसतच नव्हतं. ताईंनी झाकणाच्या आतल्या कडेला हिरवी पट्टी दिली. झाकण जसं वर येईल तशी पट्टी रुंद होत जाते, आणि पूर्ण वर आलं की टिक असा आवाज येतो. ज्याला दिसत नाही त्याला ऐकू येतं, ज्याला ऐकू येत नाही त्याला दिसतं. पुढच्या खेपेला पोस्टमास्तर पट्टीकडे डोळे लावून बसले आणि टिक झाल्यावर त्यांनी आजूबाजूला असं बघितलं, की जणू गाडी त्यांनीच स्टेशनात आणली होती. मुलांसाठी त्या पट्टीने काही बदललं नाही. हिरवं दिसायला लागलं की ती उलट जास्तच उतावीळ व्हायची.

त्यानंतर सरकारमान्य प्रयोगशाळेची चाचणी. ती आपल्या हातात नसते. अनोळखी मुलं, अनोळखी म्हातारे, आणि आपण घरी. निकाल यायला वेळ लागला. त्या काळात ताई कोणाशी धड बोलत नव्हत्या. त्यांचं म्हणणं होतं, की कुठेतरी एक शांत पोर असेल, हाताची घडी घालून बसणारं, आणि ते माझं झाकण उघडेल. यजमान म्हणायचे, असं पोर असेल तर त्याला आपल्याकडे पाठवा, भिंगरीला शिकवणीला ठेवू.

निकाल आला तेव्हा ताई माझ्या मशीनशी उभ्या होत्या. मालक स्वतः खाली आले. मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, म्हणून मी मशीन बंद केलं. मालक म्हणाले, पास. मुलांच्यातही, म्हाताऱ्यांच्यातही. ताईंनी मान डोलावली, मशीनजवळचं स्टूल ओढलं आणि बसल्या. कारखान्यात टाळ्या झाल्या, कोणी चहा सांगितला. ताई मला म्हणाल्या, की मला आत्ता आनंद झालाय की नाही ते समजत नाही, पण खांद्यावरून काहीतरी उतरलंय, एवढं नक्की. पुढे दोन दिवस त्यांनी रजा घेतली. झोपल्या, असं यजमान म्हणाले. दोन दिवस नुसत्या झोपल्या.

झाकण बाजारात आलं त्याला आता बरीच वर्षं झाली. सगळ्या कंपन्यांनी ते घेतलं नाही, पण पुष्कळ औषधांवर ते असतं. चौकातला औषधवाला मध्यंतरी भेटला होता. तो सांगत होता, की साध्या झाकणांच्या खणात मी आता दोरा आणि सुटे खिळे ठेवतो, कोणी झाकण मागायला येत नाही. मी ही बातमी ताईंना दिली. त्या दिवशी जिना उतरताना त्या गुणगुणत होत्या.

आणि सासरे? त्यांची खरी गंमत झाली. नवं झाकण त्यांच्या गोळ्यांवर यायच्या सुमारास कंपनीने त्या गोळ्या बाटलीत भरणंच बंद केलं. आता त्या चंदेरी कागदाच्या पट्टीत येतात, एकेक गोळी अंगठ्याने फोडून काढायची. सासऱ्यांनी पहिली पट्टी आणली, अंगठा लावून बघितला, आणि या खेपेला गॅलरीत पकड शोधायला गेले नाहीत. सरळ स्वयंपाकघरात गेले आणि पट्टी सुनेच्या हातात ठेवली.

"हे घे," ते म्हणाले. "उघडत नाही."

ताई पोटभर हसल्या. मग हात पुसले, पट्टी उजेडाकडे धरली आणि कागद कुठून सुटतो ते बघायला लागल्या.